क्षेपणास्त्र चाचणी होणार की नाही, याचा टक्क्यांत अंदाज कसा बांधायचा?

तुम्ही विचारलंय, ‘रोज बातम्या वाचतो, तरी एखादा देश महिन्याभरात बॅलिस्टिक क्षेपणास्त्राची चाचणी करेल का, हा माझा अंदाज हमखास फसतो. कुठं चुकतंय?’ बहुधा बातम्या वाचण्यातच.

मी तासगावचा. द्राक्षबागांची औषधं विकतो आणि रात्री हौस म्हणून असले अंदाज वहीत लिहितो. छाटणीनंतर बागायतदार विचारतो, पाऊस येतोय का? त्याला ‘येईल बहुतेक’ सांगून भागत नाही, फवारणीचे पैसे त्याचे जातात. टक्क्यांत बोलायची सवय तिथूनच लागली.

आधी जुना हिशेब काढा. समजा एक देश वर्षाला सरासरी १२ चाचण्या करतो. म्हणजे महिन्याला एक, मग पुढच्या महिन्यात होणारच, असं वाटतं ना? पण चाचण्या एकमेकींशी संबंध नसल्यासारख्या कधीही होत असतील, तर एखादा महिना कोरडा जाण्याची शक्यता ३७ टक्के निघते. मग अंदाज ६३ वर येतो. बहुतेक जण इथंच ९० लिहून मोकळे होतात.

मोजताना क्षेपणास्त्रं मोजू नका, चाचणीचे दिवस मोजा. उत्तर कोरियानं २ नोव्हेंबर २०२२ या एकाच दिवशी २० हून जास्त क्षेपणास्त्रं डागली. उलट नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीपासून मे २०१९ पर्यंत एकही नाही. आमच्याकडच्या वळवासारखं, एका दुपारी शिवार धुऊन काढतो आणि मग पंधरा दिवस नुसती धूळ. म्हणून वर्षाच्या सरासरीपेक्षा गेल्या तीन महिन्यांत काय झालं, याला मी जास्त वजन देतो.

धमक्या, भाषणं, संचलनं यांना माझ्या वहीत दोन-तीन टक्क्यांच्या वर भाव नाही. आकडा खरा हलतो तो नोटाममुळे, म्हणजे वैमानिकांसाठी निघणाऱ्या सूचनेमुळे. जहाजांसाठीही तशीच सूचना निघते. ओडिशाजवळच्या अब्दुल कलाम बेटावरून चाचणी असेल, तर बंगालच्या उपसागराचा लांबच लांब पट्टा ठरावीक दिवसांसाठी बंद होतो. पट्ट्याच्या लांबीवरून पल्ल्याचाही अदमास येतो. शिवाय २००५ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान पाच दिवसांची मुदत ठरवून ती सुरू होण्याच्या किमान तीन दिवस आधी एकमेकांना कळवतात. या करारात क्रूझ क्षेपणास्त्रं, म्हणजे वर फेकली जाऊन कमानीत खाली येण्याऐवजी विमानासारखी हवेतून उडत जाणारी, येत नाहीत. ब्रह्मोस हे क्रूझच, ते उडालं म्हणून ‘हो’ धरू नका, तुमचा प्रश्न बॅलिस्टिकचा आहे.

पण सूचना निघाली म्हणजे चाचणी झाली, असंही नाही. कोयनेतून विसर्ग वाढवला की कृष्णेचं पाणी चढणार हे सांगलीत पोराला पण कळतं. आयर्विन पुलाजवळ ते ४० फुटांची इशारा पातळी गाठून थांबेल की ४५ ची धोक्याची, हे मात्र उरतंच. अग्नी-५ ची पहिली चाचणी १८ एप्रिल २०१२ ला ठरली होती, खराब हवामानामुळे ती १९ ला झाली. मीही एकदा सूचना बघून ९५ लिहिले होते. मुदत संपली, काही उडालं नाही. अंदाज किती चुकला हे मोजायच्या ब्रायर पद्धतीत चुकेचा वर्ग करतात (०.९५ गुणिले ०.९५), त्यामुळे मला ०.९० चा दंड बसला. ६३ वर थांबलो असतो तर ०.४० वर भागलं असतं. तेव्हापासून सूचना निघाली तरी मी ८५ च्या पुढं सहसा जात नाही.

उलटंही घडतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर कोरियानं उपग्रहासाठी २२ तारखेपासूनची मुदत जपानला कळवली आणि २१ च्या रात्रीच रॉकेट सोडलं. आता उपग्रहाचं रॉकेट तुमच्या प्रश्नात चाचणी धरायचं का? टक्के लिहायच्या आधी प्रश्नाचे शब्द दोनदा वाचा, माझे निम्मे घोटाळे तिथलेच आहेत.

तारखेचंही तसंच. उत्तर कोरियाचं ह्वासाँग-१५ क्षेपणास्त्र उडालं तेव्हा सोलमध्ये २९ नोव्हेंबर २०१७ ची पहाट होती, आणि तासगावात २८ तारखेच्या रात्रीचे पावणेबारा वाजून गेले होते. तुमच्या प्रश्नातली मुदत कुठल्या घड्याळानं संपते, ते आधी बघा.