ऑटोकॅडमध्ये ऑर्बिट करताना, म्हणजे मॉडेल फिरवून पाहताना, ते स्क्रीनबाहेर निघून जातं. परत सरळ टॉप व्ह्यूवर कसं आणायचं?

आधी माउसच्या चाकावर डबल क्लिक करा, म्हणजे झूम एक्स्टेंट्स होऊन सगळं मॉडेल दिसेल. मग PLAN टाइप करून एंटर, नंतर W आणि पुन्हा एंटर. वर्ल्ड यूसीएसचा, म्हणजे ड्रॉइंगच्या मूळ अक्षांचा, टॉप व्ह्यू येतो.

डबल क्लिकनंतर मॉडेल ठिपक्याएवढं दिसलं, तर कुठेतरी लांब एखादी चुकार रेघ पडलेली असते. ती शोधून डिलीट करा.

मॉडेल पुन्हा हातातून निसटू नये म्हणून, ज्या पार्टभोवती फिरायचं तो आधी सिलेक्ट करा, मग शिफ्ट धरून चाक दाबून ओढा. फिरवताना बाकीचे पार्ट दिसेनासे होतात. घाबरू नका, ऑर्बिट संपला की परत येतात. नवीन शिकणारे इथेच गडबडून अनडू मारत सुटतात.

चाक दाबून पॅन होत नसेल, म्हणजे दृश्य सरकत नसेल, तर MBUTTONPAN या सेटिंगची किंमत 1 करा. झूम मध्येच अडकला तर RE (रीजन, म्हणजे दृश्य नव्याने काढण्याची कमांड) टाइप करून एंटर. झूम फार झपाट्याने होत असेल तर ZOOMFACTOR या सेटिंगची किंमत कमी करा. मुळात ती 60 असते, बारीक कामाला 30 बरी पडते.