फोटो द्यायचा नाही

अगं, तुझा मेसेज रात्री पावणेबाराला वाचला आणि मग झोपच लागली नाही. रबाळ्याची ती कंपनी शेवटच्या दिवसांतल्या पेशंटना घरी जाऊन सांभाळणाऱ्या आपल्या दोन नर्सचा सहा महिन्यांचा पगार द्यायला तयार आहे, पण त्यांना एका पेशंटच्या घरी येऊन चेक देताना फोटो हवाय, घरच्यांसोबत, आणि तू विचारतेस ताई हो म्हणू का, एकच तर फोटो आहे. नाही म्हण. फोटो द्यायचा नाही.

२०१५ मध्ये मी हो म्हटलं होतं. कळव्याची चाळ, माणूस पंचेचाळीसचा, रिक्षा चालवायचा, जिभेचा कॅन्सर. त्या दहा बाय बाराच्या खोलीत मी नऊ माणसं घेऊन गेले. बायको ठेवणीतली साडी नेसून उभी, पोरीने शेजारून कप मागून आणून चहा केलेला, आणि ज्याला उशीवरून मान उचलवत नव्हती त्याला आम्ही दोघींनी धरून बसवलं, का तर मागचा बॅनर नीट दिसत नव्हता. त्याने तोंडावर रुमाल धरला होता. कोणीतरी म्हणालं रुमाल जरा बाजूला घ्या ना. मी गप्प बसले. पाचव्या दिवशी तो गेला. महिन्याभराने बायकोचा फोन, ताई यांचा शेवटचा फोटो तेवढाच आहे हो, मागचा बॅनर काढून मिळेल का? स्टुडिओतून काढून दिला मी. बॅनरच्या जागी पांढरी भिंत आली, पण रुमाल काही परत आणता आला नाही.

म्हणून सांगतेय, फोटो द्यायचा नाही. पाठमोरा नाही, चेहरा ब्लर करून नाही, फक्त हात हातात घेतलेला पण नाही.

मग दाखवायचं काय म्हणशील. अगं हिशेब दाखव! एक घर महिनाभर सांभाळायला काय लागतं ते एका कागदावर लिही, नर्सच्या भेटी, ड्रेसिंगचं सामान, एअर मॅट्रेस, मोठ्यांचे डायपर, ऑक्सिजन मशीनचं भाडं, दिवा स्टेशनला उतरल्यावर पुढची रिक्षा, आणि पेशंट गेल्यावर त्या घरी परत दोन-तीनदा जायचं असतं तेही लिही, ते सगळे विसरतात. व्हिजिट रजिस्टरची नावं झाकून झेरॉक्स दे, बिलं दे, ८०जी म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचे आणि सीएसआर-१ म्हणजे कंपन्यांचे सीएसआरचे पैसे घेण्यासाठीच्या नोंदणीचे कागद फाइलला लाव. आणि अशी दबकून मागू नकोस गं, राग येतो मला. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करायलाच लागतात, त्यात आरोग्य आहे, पेशंटचा चेहरा दाखवा असं त्यात कुठे लिहिलंय? बांद्र्याचं शांती अवेदना सदन, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटचं हॉस्पिस, १९८६ पासून पेशंटकडून पैसे न घेता चालतंय, देणारी माणसं असतात.

हो, फटका बसतो. २०१८ ला मी असंच नाही म्हटलं, स्पॉन्सर गेला, दोन महिने पगार थकले आणि आमची सगळ्यात चांगली नर्स सोडून गेली. त्या पावसाळ्यात मुंब्र्याकडच्या घरांना भेटी कमी पडल्या. ट्रस्टी म्हणाले तुमच्या हट्टापायी झालं. असेल. पण मग नौपाड्यापासून घोडबंदरपर्यंत सोसायट्यांच्या पायऱ्या मीच झिजवल्या ना, महिना पाचशे देणारी एक्क्याऐंशी माणसं उभी केली, बहुतेकांच्या घरातलं कोणी ना कोणी असंच गेलेलं, त्यातल्या एकानेही कधी फोटो मागितला नाही. मी चुकले नव्हते. आजही तेच करेन. त्या नर्सची आठवण मात्र येते, खोटं कशाला बोलू.

बुधवारी मीटिंग आहे ना? मी ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल पकडून साडेनऊला रबाळे स्टेशनला पोचते. रजिस्टर आण, आणि काहीतरी खाऊन ये. आकडे तू बोल, फोटोचं मी बोलते.