तिघांत निवाडा करणारी मी कोण?

‘संदर्भच एकमेकांशी भांडतात, मग मी काय लिहू?’ प्रबंधाचे दिवस जवळ आले की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. अलीकडे तो घेऊन आलेली एम.ए.ची विद्यार्थिनी गोव्यातल्या दिवाडी बेटावरची होती. तिचा विषय होता खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून आणि मानशीच्या (बांधातल्या पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मोरीच्या) दारांनी भरतीचे खारे पाणी आवरून कसलेली जमीन. पूर्वसंशोधनाच्या प्रकरणावर मार्गदर्शकांनी ‘ही नुसती यादी झाली’ असा शेरा मारला होता आणि त्या दिवसापासून तिची झोप उडाली होती.

तिच्या वहीत प्रत्येक लेखकाला एक पान दिलेले होते. एका पानावर लिहिले होते की १९६४चा कूळ कायदा आणि १९७६ची दुरुस्ती यांमुळे जमीन कुळांकडे गेली, बांध राखणारी गावकारीची (गावच्या सामाईक जमीन-कारभाराची) जुनी व्यवस्था सुटली आणि बांध ढासळले. दुसऱ्या पानावर दोष मांडवीतून खनिज वाहणाऱ्या बार्जांच्या लाटांचा होता, तर तिसऱ्यावर मासळीसाठी खारे पाणी मुद्दाम आत घेणाऱ्यांचा. “मॅडम, या तिघांत निवाडा करणारी मी कोण मोठी लागून गेले?” ती म्हणाली. ही भीती अभ्यासाची नव्हती, वडीलधाऱ्यांना उलटून बोलण्याची होती. आपल्याकडे मुलींना ती लहानपणीच शिकवली जाते.

मी वही आडवी करायला सांगितली. वरच्या बाजूला तीन लेखक आणि डावीकडे तीन प्रश्न: काळ कोणता, पुरावा कशाचा, आणि नेमके विचारले काय आहे? तासाभरात तिच्याच लक्षात आले की बार्जांविषयीचा लेख २०१२मध्ये खाणी बंद होण्याआधीचा असून तो बांध कशाने फुटतो हे सांगतो, तर कायद्याविषयीचा लेख फुटलेला बांध पुन्हा का बांधला गेला नाही हे सांगतो. ‘अमुक म्हणतात, तमुक म्हणतात’ या ओळी खोडून तिने लिहिले: “बांध फुटण्याचे कारण शोधणारे अभ्यास नदीकडे पाहतात, तो दुरुस्त का झाला नाही असे विचारणारे मालकीकडे पाहतात.” परिच्छेदाची सुरुवात आता लेखकाच्या नावाने होत नव्हती.

खरा विरोध एकाच जागी उरला. पहिल्या लेखाप्रमाणे कुळांच्या संघटनांकडे दुरुस्तीला पैसा नव्हता. तिसऱ्याप्रमाणे मानशीवरच्या मासेमारीच्या लिलावातून त्यांना पैसा मिळत होता. हा विरोध मिटवू नये, दोन्ही बाजूंच्या पुराव्यासह तसाच मांडावा, असे मी सुचवले.

“आजोबा कूळच होते,” ती जरा थांबून म्हणाली, “पण त्यांचे बोलणे संदर्भ म्हणून चालेल?” तारीख घालून, रीतसर मुलाखत म्हणून नोंदवले तर चालेल, असे मी सांगितले. लिलाव कोणत्या महिन्यात होई आणि पैसा कोणाच्या हाती जाई, हे दोन प्रश्न तिने तिथेच वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले.