‘इटरेशन’ला पुनरावृत्ती म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या चार मुलांनी बियाणं टोकायचं यंत्र बनवलंय, रिपोर्ट मराठीत लिहायचाय, आणि "डिझाइनच्या चार इटरेशन झाल्या" हे वाक्य मराठीत कसं लिहावं. इटरेशन म्हणजे वस्तू बनवून बघायची, चुकलं ते बदलून परत बनवायची, अशी एकेक वेळ. त्यांनी "चार पुनरावृत्त्या केल्या" असं लिहिलं, तर ग्रुपमधलीच एक मुलगी म्हणाली, म्हणजे तीच चूक आपण चार वेळा केली का?

ती मुलगी अगदी बरोबर बोलली. पुनरावृत्ती म्हणजे तेच परत. कुठे पूल कोसळला की "अशा घटनांची पुनरावृत्ती होऊ देणार नाही" हे वाक्य ठरलेलं असतं, त्यामुळे बोलताना त्या शब्दाला नको असलेलं परत येण्याचा वास लागलाय. मग बरेच जण ‘आवर्तन’ सुचवतात. शब्द सुंदर आहे, पण आवर्तन कुठे वापरतो बघा, अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं, तीनतालाचं एक आवर्तन, कालव्याला सुटलेलं उन्हाळी आवर्तन. एकविसाव्या वेळी अथर्वशीर्ष बदललेलं नसतं, आणि बदलूच नये. कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममधे लूप फिरतो त्याला आवर्तन म्हणा, तिथे चपखल बसतं, कारण सूचना त्याच असतात. पण डिझाइनमधे दुसऱ्या वेळी वस्तूच वेगळी असते ना.

मजा म्हणजे मूळ शब्दातच हे दडलंय. इटरेशन आलाय लॅटिनमधल्या ‘इटेरुम’वरून, म्हणजे ‘पुन्हा, दुसऱ्यांदा’, आणि हा ‘इटेरुम’ आपल्या संस्कृत ‘इतर’चा भाऊबंद आहे, दोन्ही एकाच मुळातले. इतर म्हणजे दुसरा, वेगळा. मला तर हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता, कारण इंजिनिअर जे करतो ते नेमकं हेच, परत तेच नाही तर परत पण इतर.

आता राइट बंधूंचं काम घ्या. 1900 मधे त्यांनी अमेरिकेतल्या किटी हॉकला पहिलं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवून बघितलं, 1901 मधे मोठं नेलं, तर त्याला उचल, म्हणजे हवेतून वर ढकलणारा जोर, मिळाली हिशोबाच्या जेमतेम एक तृतीयांश. मग त्यांनी पुढचं ग्लायडर नुसतं अजून मोठं नाही केलं, घरी डेटनला येऊन सुमारे सहा फूट लांबीची लाकडी पेटी बनवली, एका टोकाला वारा सोडणारा पंखा, आत उचल मोजायला हॅकसॉचं पातं आणि सायकलच्या आऱ्यांची तार वापरून केलेला तराजू, आणि विमानाच्या पंखांचे दोनशेच्या आसपास छोटे नमुने त्यात धरून बघितले. कळलं काय, तर उचलीच्या हिशोबात त्या काळी सगळे वापरायचे तो हवेच्या दाबाचा गुणांकच, म्हणजे ठरलेला आकडाच, चुकीचा होता. 1902 चं ग्लायडर त्या नव्या आकड्यांवर बनलं, उचल नीट मिळाली, पण वळताना कधीकधी एक पंख खाली जाऊन वाळूत घुसायचा आणि ग्लायडर गरगरायचं, याला ते आपसात ‘विहीर खणणं’ म्हणायचे. मग मागचं घट्ट बसवलेलं शेपूट हलतं केलं, आणि ते सुटलं. पुढे 17 डिसेंबर 1903 ला इंजिन लावून पहिलं उड्डाण 12 सेकंद, 120 फूट, आणि त्याच दिवशी चौथं 59 सेकंद, 852 फूट. यातलं काहीही पुनरावृत्ती नाहीये, प्रत्येक वेळी आधीच्या वेळेने टाकलेला प्रश्न पुढच्या वेळी सोडवलाय.

यासाठी माझं मत ‘फेरी’ला. आपल्याकडे ‘फेर’ लागला की बदलाची शक्यता आपोआप येते, फेरविचारात निर्णय बदलू शकतो, फेरमोजणीत आकडा बदलू शकतो, आणि जमिनीचा मालक बदलला की तलाठ्याकडे फेरफाराची नोंद होते. मतमोजणीच्या फेऱ्यांचं पण तसंच, दुसऱ्या फेरीत पहिलीची मतं पुसत नाहीत, त्यांच्यावर पुढची चढतात. ‘सुधारित आवृत्ती’ हाही चांगला शब्द आहे, पुस्तकवाले पुनर्मुद्रण आणि सुधारित आवृत्ती यात किती काटेकोर फरक करतात ते माहीतच असेल. पण तो तयार झालेल्या वस्तूला जास्त शोभतो, कामाला फेरीच.

अजून एक शब्द आहे जो रिपोर्टमधे कोणी लिहीत नाही, पण मला सगळ्यात जवळचा आहे, तो म्हणजे ‘हात’. भिंतीला रंगाचा पहिला हात, दुसरा हात म्हणतो ना आपण, तोच. एका छोट्या वर्कशॉपमधे मी मशीनचा सपाट भाग बसवताना बघितला होता. सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट केलेल्या जाड पाटावर, निळ्या रंगाचा अगदी पातळ थर, त्यावर पार्ट घासायचा, उलटा करून बघायचा, जिथे निळं लागलं तिथे उंचवटा, तेवढाच स्क्रेपरने खरवडायचा, पुसायचा आणि परत ठेवायचा. सुरुवातीला दोन-तीन मोठे डाग दिसतात, मग डाग वाढत जातात आणि बारीक होत जातात, शेवटी सगळीकडे सारखे निळे ठिपके. तासभर हे चाललं होतं, मी विचारलं किती राहिलं, तर मिस्त्री मान वर न करता म्हणाले, "अजून दोन हात लागतील". मोठा बदल असेल तर फेरी, असं जवळ येत येत बारीक करणं असेल तर हात, असा फरक मी स्वतः करतो.

तर त्या मुलांचं वाक्य मी असं लिहीन: "यंत्राच्या रचनेच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत एका खड्ड्यात तीन-तीन दाणे पडत होते, म्हणून दुसऱ्या फेरीत चकतीची भोकं लहान केली." पुढचं तेच लिहितील, प्रत्येक फेरीत काय बिघडलं आणि काय बदललं ते. आणि अनेकवचन ‘फेऱ्या’, ‘फेर्या’ नाही, टाइप करताना हे फार जणांचं चुकतं.