दोन महिन्यांपूर्वी घेतलेली डिझेल गाडी आणि १ लाख ३८ हजारांचं एस्टिमेट

प्रश्न : नमस्कार, मी वाईचा. दोन महिन्यांपूर्वी पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून २०१६ ची डिझेल सेडान घेतली, ४ लाख १० हजाराला. मीटरवर ७८ हजार किलोमीटर, सिंगल ओनर, आणि डीलरने व्हॉट्सॲपवर "एकदम मेन्टेन्ड, एक रुपयाचं काम नाही" असं लिहून पाठवलं होतं. सुरुवातीला मस्त चालली, मग एकदा पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला अचानक पिकअपच गेला, इंजिनचा दिवा लागला, मागे काळा धूर, कशीबशी वर आणली. वर थांबून बंद करून परत चालू केली तर पुन्हा नीट पळायला लागली! आता दर घाटात हेच होतंय. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी स्कॅनर लावला, टर्बोचा (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) कोड आलाय म्हणाले आणि एस्टिमेट हातात दिलं : चार इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे) ६४ हजार, टर्बो ३८ हजार, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) ९ हजार, क्लचसेट १७ हजार, मजुरी १० हजार. डीलर फोन उचलत नाही, उचलला तर "जुनी गाडी आहे, काम निघणारच" म्हणतो. घरचे म्हणतात आहे तशी विकून टाका. कर्ज काढून घेतलीय हो, काय करू?

उत्तर : आधी एक करा, त्या एस्टिमेटवर सही करू नका. गाडी दोन-चार दिवस उभी राहिली तरी चालेल. तुम्हाला दिलीय ती बदलायच्या पार्टची यादी आहे, बिघाड नेमका कुठे आहे हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही, आणि डिझेलमध्ये लोकांचे पैसे जातात ते बहुतेक वेळा इथेच.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे बंद करून चालू केली की नीट पळते. याला लिंप मोड म्हणतात. सेन्सरला काहीतरी गडबड दिसली की कॉम्प्युटर इंजिन वाचवायला ताकद कमी करतो, चावी फिरवली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणजे टर्बो पूर्ण गेला असण्यापेक्षा चढावर जोर लागला की हवेचं प्रेशर कुठेतरी निसटतंय याची शक्यता जास्त वाटते. कोडचा नंबर विचारून घ्या. पी ०२९९ असेल तर त्याचा अर्थ एवढाच की टर्बोकडून जेवढं प्रेशर यायला पाहिजे तेवढं येत नाहीये, टर्बो बदला असं तो कोड सांगत नाही.

चांगल्या मेकॅनिककडे जाऊन बॉनेट उघडा आणि टर्बोपासून इंटरकूलरला (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीला) जाणारा जाड रबरी पाइप आधी बघा. वरून चांगला दिसतो, पण खालच्या अंगाने, क्लॅम्पजवळ, हात फिरवला की तेलकट ओली धूळ लागते आणि दाबलं की बारीक चीर उघडते. साध्या रस्त्याला ती मिटलेली असते, घाटात प्रेशर वाढलं की फाकते, सूंऽऽ असा आवाज येतो, हवा बाहेर जाते आणि डिझेल मात्र तेवढंच पडत राहतं म्हणून काळा धूर. पाइपचा खर्च टर्बोच्या मानाने किरकोळ असतो. त्याबरोबरच एअर फिल्टर, टर्बोला जाणारे बारीक व्हॅक्युम पाइप आणि ईजीआर व्हॉल्व्ह बघून घ्या. ईजीआर काजळीने जाम असेल तर खोलून साफ करून बऱ्याचदा चालतो, लगेच नवीन लागत नाही. कोणी सांगेल पत्रा लावून बंद करून टाकू, ते करू नका, प्रदूषण वाढतं आणि पुढे कटकटीच होतात.

आता टर्बो. पाइप काढल्यावर आतली पाती दिसतात, शाफ्ट बोटांनी हलवून बघायचा. बाजूला अगदी थोडा हलला तर चालतं, पण पुढे-मागे हलत असेल किंवा पाती टर्बोच्या बाहेरच्या कवचाला घासल्याच्या खुणा असतील तर टर्बो संपला. निळा धूर आणि ऑइल कमी होणं ही पण त्याचीच लक्षणं. आणि खरंच बदलावा लागला तर जुना का गेला ते शोधल्याशिवाय नवीन बसवू देऊ नका. हा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो आणि निव्वळ ऑइलच्या जोरावर टिकतो, ऑइलचा पाइप गाळाने चोंदलेला राहिला तर नवीन टर्बोही जाईल.

चारही इंजेक्टर एकदम गेले हे मला पटत नाही. पंप-नोझलचं काम करणाऱ्याकडे रिटर्न टेस्ट करून घ्या : प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला नळी लावून चार बाटल्या टांगतात आणि इंजिन थोडा वेळ चालू ठेवतात, ज्याची बाटली इतरांपेक्षा लवकर भरते तो लीक आहे. एक खराब निघाला तर एकच करायचा, बेंचवर रिपेअर होतो का तेही विचारा. बसवताना तांब्याचे वॉशर नवीनच टाका, आणि बऱ्याच गाड्यांत इंजेक्टरवर छापलेला कोड स्कॅनरने गाडीत भरावा लागतो, तो भरला का हे तिथेच उभं राहून बघा.

या सगळ्याच्याही आधी खरं तर एक फुकटची तपासणी आहे. गरम इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण जपून उघडा (थोडे शिंतोडे उडतील). हलकी वाफ दिसली तर ठीक, पण धाप लागल्यासारखा धुराचा भपकारा येत असेल तर गाडी बॅक कॉम्प्रेशन मारतेय, म्हणजे पिस्टन-रिंगांचं काम आलंय. तसं असेल तर टर्बो-इंजेक्टरवर एक रुपयाही घालू नका, मग हिशोबच वेगळा. क्लचचं सोपं आहे, चढाला वरच्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर आरपीएम वाढतोय आणि स्पीड वाढत नाही असं होत नसेल तर क्लच बदलायचं काम थांबू शकतं.

डीलरचं. तो धंदा म्हणून गाड्या विकतो म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ त्याला लागू होतो, ओळखीतल्या कोणाकडून घरची गाडी घेतली असती तर हा रस्ता नव्हता. तो व्हॉट्सॲप मेसेज, जाहिरात, पैसे दिल्याची नोंद सगळं जपून ठेवा. गाडीचा नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून जुनी सर्व्हिस हिस्टरी मागा, त्यात २०२१ सालीच लाखाच्या वर किलोमीटर दिसले तर मीटर मागे फिरवलाय हे कागदावरच आलं आणि तुमची बाजू फार भक्कम झाली. मेकॅनिककडून लेखी रिपोर्ट घ्या, पार्ट बदलण्याआधी फोटो काढा, जुने पार्ट घरी आणा. मग आधी लेखी नोटीस, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, आणि नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. डीलर पुण्याचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात म्हणजे साताऱ्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मात्र "गाडी आहे तशी घेतली" अशा कागदावर सही केली असेल तर वकिलाला तो आधी दाखवा. आणि आरसी तुमच्या नावावर झाली का, इन्शुरन्स ट्रान्सफर झाला का, हे आजच बघा, अशा भांडणात हे हमखास राहून जातं.

विकायचं म्हणाल तर दिवा लागलेली, धूर टाकणारी गाडी आज विकलीत तर लाखभराने मार खाल. आधी कारण कळू द्या. इंजिन आतून चांगलं निघालं तर पाइप, ईजीआर, एखादा इंजेक्टर एवढ्यावर भागून ही गाडी तुम्हाला अजून काही वर्षं आरामात नेईल असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मी ठाण्याची. २०२१ ची बीएस ६ डिझेल एसयूव्ही सेकंडहँड घेतली, घर ते ऑफिस ५ किलोमीटर. महिनाभरात डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागला, गॅरेजवाला म्हणतो फिल्टर बदला नाहीतर काढून टाकू.

उत्तर : काढून अजिबात टाकू नका ताई, ते बेकायदेशीर आहे. डीपीएफमध्ये साठलेली काजळी जळायला आत साधारण ६०० डिग्री तापमान लागतं आणि ५ किलोमीटरच्या ट्रॅफिकमध्ये ते कधीच येत नाही, त्यामुळे फिल्टर खराब न होताही दिवा लागतो. दिवा स्थिर असेल तर नाशिक हायवेला अर्धा तास एका लयीत चालवून आणा, नाही विझला तर स्कॅनरने फोर्स्ड रीजनरेशन (म्हणजे साठलेली काजळी मुद्दाम जाळून काढणं) करून घ्या. त्याआधी डिपस्टिक बघा, ऑइलची लेव्हल वर चढलेली असेल तर त्यात डिझेल उतरलंय, ऑइल बदलल्याशिवाय चालवू नका, आणि भरताना मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच लो-ॲश (कमी राख सोडणारं) ऑइल भरा. पण रोजचं चालवणं पुढेही ५ किलोमीटरच राहणार असेल तर हा दिवा परत परत लागेल, वर्षभरात ही विकून पेट्रोल घेतलेली तुम्हाला स्वस्त पडेल.