‘सिस्टर व्हायचंय’ म्हणणाऱ्या मुलीच्या आईला

प्रश्न : माझी मुलगी २३ वर्षांची आहे. नर्सिंगची पदवी घेऊन सध्या हॉस्पिटलमध्ये नोकरी करते. मागच्या महिन्यात जेवताना म्हणाली, ‘मला सिस्टर व्हायचंय, हॉस्पिटलातली नाही, कॉन्व्हेंटमधली.’ आम्ही कॅथलिक आहोत, रविवारचं चर्च चुकवत नाही, पण हे कधी डोक्यातही आलं नव्हतं. नातेवाईक हळूच विचारतात, प्रेमभंग झाला का? तिचे बाबा म्हणतात, सेवा नर्स म्हणूनही होतेच, त्यासाठी झगा कशाला चढवायचा? आजच्या काळात या जीवनाला काही अर्थ उरला आहे का? तिला कसं समजवावं? – एक आई

उत्तर : ताई, तुमच्या ‘समजवावं’चा रोख ‘परतवावं’ असा दिसतोय. ते काम मी अंगावर घेत नाही. मुलगी सज्ञान आहे, कमावती आहे. तिची उलटतपासणी मात्र कसून व्हायला हवी, आणि तिच्याइतकीच ती ज्यांच्याकडे निघाली आहे त्यांचीही.

आधी नातेवाइकांचं उरकून टाकू. सिस्टर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकतर हातात पट्टी घेतलेली कडक मुख्याध्यापिका येते, नाहीतर साक्षात देवदूत, नाहीतर जगाला कंटाळून पळून गेलेली दुःखी मुलगी. पळून जाणाऱ्यांसाठी ही वाट मुळात फार गैरसोयीची आहे. १९८३ पासून लागू असलेल्या चर्चच्या कायद्यात प्रवेशाच्या अटी स्पष्ट आहेत. वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. बळजबरीने किंवा धाकाने आलेल्या मुलीचा प्रवेश ग्राह्यच धरला जात नाही. न फिटणारं कर्ज डोक्यावर असेल तर घेऊ नये, असंही लिहिलंय. तब्येत, स्वभाव आणि समज पाहायची, गरज पडली तर तज्ज्ञांकडून तपासून घ्यायचं. त्यानंतर किमान १२ महिन्यांचं नोव्हिशिएट, म्हणजे शिकण्याचा आणि पारखण्याचा काळ. त्या काळात ती कधीही बॅग उचलून घरी येऊ शकते, आणि संस्थाही तिला परत पाठवू शकते. मग पहिली व्रतं, तीही ठरावीक मुदतीची. ही मुदत एकूण ३ ते ६ वर्षं, फार तर ९ पर्यंत लांबवता येते. कायमची व्रतं त्यानंतर. इतकी वर्षं चालणारा साखरपुडा मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. प्रेमभंग तोवर विसरायला होतो.

आता तिच्या बाबांचा प्रश्न. अख्ख्या पत्रात मला तोच सर्वांत मोलाचा वाटला, कारण त्यांचं म्हणणं खरं आहे. नुसती सेवाच करायची असेल तर सिस्टर व्हायची गरज नाही. एके काळी शाळा आणि दवाखाने जिथे कुणी काढत नव्हतं तिथे सिस्टरांनी ते काढले. शिकायचं आहे, काम करायचं आहे, पण लग्नाच्या चौकटीत अडकायचं नाही, अशा मुलींनाही दुसरी दारं फारशी उघडी नव्हती. अमेरिकेत १९६५ मध्ये कम्प्युटर सायन्समध्ये डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या मोजक्या लोकांपैकी एक होत्या सिस्टर मेरी केनेथ केलर. आज त्याच डॉक्टरेटसाठी कुणाला व्रतं घ्यावी लागत नाहीत. १९७० च्या सुमारास जगभरात जवळपास १० लाख सिस्टर होत्या, आता साधारण ६ लाख आहेत. युरोप आणि उत्तर अमेरिकेत घट मोठी आहे, आफ्रिकेत मात्र संख्या वाढते आहे. घट होण्यामागे कारणं पुष्कळ आहेत, पण बायकांना इतर वाटा खुल्या झाल्या हे त्यातलं एक ठळक कारण.

मग उरलं काय? बंदिस्त मठात राहणाऱ्या कार्मेलाइट सिस्टर घ्या. त्यांची ना शाळा, ना दवाखाना. प्रार्थना, मौन, हातकाम, बस. सेवा हाच या जीवनाचा हेतू असता तर या बायका बिनकामाच्या ठरल्या असत्या. चर्चने त्यांना तसं कधीच मानलं नाही. म्हणजे इथे काम दुय्यम आहे. सगळं आयुष्य देवाभोवती बांधायचं, तेही एकटीने नाही तर स्वतः न निवडलेल्या बायकांच्या सोबतीने, हा गाभा आहे. गाठीशी काही नसलेली, कुठेही पाठवता येणारी माणसं त्यातून तयार होतात. मानवी तस्करीविरुद्ध २००९ पासून काम करणारं ‘तलिथा कुम’ हे सिस्टरांचं जाळं अनेक देशांत पसरलंय, त्याचं बळ मला यातच दिसतं. हे काम पगारी माणूसही करतो, फक्त त्याला संध्याकाळी घर असतं, आणि ते असायलाही हवं.

तुमच्या मुलीला हे पटतंय का, की तिला फक्त ‘अर्थपूर्ण नर्सिंग’ हवंय? हे तपासायचं असेल तर तीन व्रतांकडे बघा: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. लोक दुसऱ्याचीच चर्चा करतात. माझ्या मते खरी कसोटी तिसऱ्याची लागते. समजा ती पाच वर्षं अतिदक्षता विभागात तयार झाली, हात बसला, डॉक्टर विश्वासाने पेशंट सोपवू लागले. आणि एक दिवस पत्र आलं : पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या गावी वसतिगृहाचा हिशेब सांभाळा. विचारविनिमय होतो, आधीपेक्षा बराच होतो, पण शेवटी शब्द वरिष्ठांचा. दारिद्र्यही असंच, बारीकसारीक गोष्टींत टोचणारं. पगार तिच्या नावाने आला तरी जमा होणार संस्थेच्या खात्यात. ड्यूटीचे बूट फाटले तर नवे मागायचे, बसभाडं वहीत लिहायचं, उरलेले सुटे पैसे परत करायचे. आज स्वतःच्या पगारावर जगणाऱ्या मुलीला हे कसं वाटेल, ते तिनेच ठरवावं. तिला एवढंच विचारा : ‘यापुढे तुला नर्सिंग कधीच करू दिलं नाही, तरी जाशील?’ ‘नाही’ म्हणाली तर तिच्यासाठी मिशन हॉस्पिटलं आहेत, व्रतांशिवाय काही वर्षं संस्थेबरोबर राहून काम करण्याची सोय आहे. ‘हो’ म्हणाली, तेही न चिडता, तर तुम्हालाच आणखी ऐकून घ्यावं लागेल.

काळी बाजूही झाकून ठेवू नका. काही धर्मगुरूंनी आणि बिशपांनीही सिस्टरांवर लैंगिक अत्याचार केले, हे पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये जाहीरपणे मान्य केलं. आणि सिस्टर नेहमी पीडितच असतात असंही नाही. आयर्लंडमधल्या मॅग्डलीन लॉन्ड्री, म्हणजे बायकांना ठेवून घेऊन बिनपगारी राबवणारे धुलाईखाने, सिस्टरच चालवत होत्या, आणि तिथे राबवलेल्या बायकांची माफी तिथल्या सरकारने २०१३ मध्ये मागितली. देवदूताची प्रतिमा म्हणूनच मला मुख्याध्यापिकेच्या प्रतिमेपेक्षा जास्त धोकादायक वाटते. देवदूताविरुद्ध तक्रार कोण नोंदवणार?

म्हणून भेटायला जाल तेव्हा नोकरीच्या मुलाखतीला विचारतो तसेच प्रश्न विचारा. तक्रार कुणाकडे करायची? संस्थेबाहेरचं कुणी ऐकून घेणारं आहे का? पुढचं शिक्षण कोण ठरवतं? मूळ प्रमाणपत्रं कुणाच्या ताब्यात राहतात? आजारपणाची आणि म्हातारपणाची तरतूद काय? घरी फोन किती, येणं-जाणं किती? आणि सोडून आली तर? चर्चच्या कायद्याप्रमाणे केलेल्या कामाचा मोबदला तिला मागता येत नाही, संस्थेने मात्र तिच्याशी न्यायाने आणि मायेने वागावं असं म्हटलंय. ‘मायेने’ म्हणजे प्रत्यक्षात काय देता, हे सरळ विचारायला लाजू नका.

नोकरीचा राजीनामा आत्ता नको. आधी सुट्टी काढून तिने दोन वेगवेगळ्या काँग्रिगेशनमध्ये, म्हणजे सिस्टरांच्या संस्थांमध्ये, थोडे दिवस राहून यावं, त्यातली एक शुश्रूषेचं काम न करणारी असावी. नर्सिंगची नोंदणी चालू ठेवावी.

नातेवाइकांना उत्तर द्यायचं काम तुमचं नाही, तिचं आहे. ती ते नीट देईल, फक्त तुम्ही मध्ये पडू नका. आणि भेटीच्या वेळी तिच्या बाबांना बरोबर न्या. ‘सेवेसाठी झगा कशाला?’ हे मदर सुपिरियरना, म्हणजे तिथल्या प्रमुख सिस्टरना, त्यांनी तसंच, याच शब्दांत विचारावं. त्या हसून सविस्तर बोलल्या तर पुन्हा जा. चिडल्या, तर ते कॉन्व्हेंट यादीतून काढून टाका.