महिला गोल्फमधलं दक्षिण कोरियाचं वर्चस्व संपलं का?

तुम्ही विचारलंय की दहा वर्षांपूर्वी कोरियन मुली सगळं जिंकायच्या, आता दर आठवड्याला नवीनच नाव दिसतं, मग त्या कमी पडायला लागल्या का? मला तसं वाटत नाही. त्यांच्या जोडीला बाकीचे देश येऊन बसलेत, आणि सगळ्यात जोरात जपान.

आधी कोरियाची लाट केवढी होती ते बघा. यूएस विमेन्स ओपन ही मेजरपैकी एक, म्हणजे वर्षातल्या पाच सगळ्यात मोठ्या स्पर्धांतली. २००८ ते २०२० या तेरा वर्षांत ती नऊ वेळा कोरियाकडे गेली. सुरुवात १९९८ ची. त्या ओपनच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी झाल्यावरच्या निर्णायक फेरीत, अठराव्या होलवर से री पाकचा चेंडू पार तळ्याच्या काठाशी गवतात जाऊन अडकला. वीस वर्षांच्या त्या पोरीने बूट-मोजे काढले, पाण्यात उभी राहिली आणि चेंडू बाहेर काढला. शेवटी जिंकलीही. आर्थिक संकटाने तेव्हा देश पार पिचला होता, आणि हा फटका टीव्हीवर बघून कितीतरी शाळकरी मुलींनी गोल्फ धरलं. इनबी पार्क त्यांच्यातलीच. बरोबर दहा वर्षांनी तिने हीच ओपन जिंकली.

२०२१ ते २०२५ मध्ये मात्र ही ओपन एकाही कोरियन खेळाडूला मिळालेली नाही. २०२४ आणि २०२५ मिळून दहा मेजर झाल्या. त्यातल्या चार जपानच्या: युका सासो, अयाका फुरुए, माओ साइगो, मियू यामाशिता. कोरियाची एकच, एमी यांगची. आणि जपान हा १९७७ नंतर दुसऱ्या मेजरसाठी २०१९ पर्यंत थांबलेला देश आहे!

हे झालं कसं? माझ्या मते उत्तर जपानच्या देशी टूरमध्ये, म्हणजे घरच्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत आहे. जपानने घरच्या स्पर्धा तीनऐवजी चार दिवसांच्या करत नेल्या. मेजर चारच दिवसांची असते, त्यामुळे चौथ्या दिवसाचं दडपण मुलींच्या अंगवळणी पडलं. यामाशिताची उंची जेमतेम पाच फूट, लांब मारणाऱ्यांत ती मोडतच नाही. अचूकपणा आणि पटिंगच्या (होलजवळच्या हलक्या फटक्यांच्या) जोरावर तिने २०२५ ची ब्रिटिश ओपन घेतली. कोरियाची देशी टूरही तगडी आहे, पण तिथे पैसा आणि प्रायोजक इतके चांगले आहेत की बऱ्याच जणींना अमेरिकेत जाऊन दगदग करावीशी वाटत नाही.

आता स्पर्धा किती अटीतटीची आहे बघा. २०२४ मध्ये सात स्पर्धा जिंकणारी नेली कोर्डा २०२५ मध्ये एकही जिंकू शकली नाही. त्या वर्षी ऑक्टोबरपर्यंत अमेरिकन टूरवर कुणालाच दुसरं विजेतेपद मिळालं नव्हतं. ते पहिल्यांदा मिळवलं थायलंडच्या जीनो थिटिकुलने.

आपलं काय, हेही सांगतो, कारण माझा जीव तिथेच अडकलाय. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक एका फटक्याने पदकाला मुकली. तीही लांब मारणारी नाही, पटरच्या बळावर चार दिवस झुंजली. दीक्षा डागरने युरोपियन टूरवर दोन विजेतेपदं मिळवलीत. गुणवत्ता आहे. पण आपल्या देशी टूरच्या स्पर्धा बहुतेक तीन दिवसांच्या, बक्षिसं तुटपुंजी आणि बघायला फारसं कुणी नाही. पुण्यात असाल तर येरवड्याच्या पूना क्लब कोर्सवर महिलांची स्पर्धा लागली की एखादी सकाळ काढून नक्की जा.